दोल्साचं नाव

६ तम्मुज, रविवार

काल शब्बाथ, आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस. लेखणीला हात लावायचा नाही, म्हणून आज लिहितो. पण कालपासून पोटात मावत नाहीये.

दुपारी माडीवर एवढी पोरं जमली की खालून माझी बायको अस्त्रुगा ओरडली, "अहो, तुळई मोडेल!" विषय असा – देव एकेका माणसावर नजर ठेवतो का, की नुसत्या माणूसजातीवर? मिसर देशात बसून आमच्या थोर गुरूंनी सांगितलं तेच मी सांगितलं. समुद्रातल्या एकेका मासोळीकडे देव बघत नाही. मासोळ्यांची जात टिकली की झालं. माणसाचं निराळं, कारण माणसाला बुद्धी आहे. पण तीही सगळ्यांना सारखी नाही. ज्याची बुद्धी जेवढी वर पोचली, तेवढीच देवाची नजर त्याच्यापर्यंत खाली येते.

बोन्दिया माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि सगळ्यात खवचटही. तो म्हणाला, "गुरुजी, मग लहान मुलं? त्यांची बुद्धी तर अजून कच्ची. त्यांच्याकडे कोण बघतं?"

मी म्हटलं, "बागेचा मालक फळं मोजतो. कळ्या मोजत बसणारा मालक तू पाहिलायस?"

माडी हसली. बोन्दियाने हात जोडले. अशी उत्तरं ऐन वेळी सुचतात ते सुख काही औरच! माझी लेक दोल्सा जिन्यात बसून भाजलेले हरभरे खात होती. पुढचे दोन दात नाहीत, त्यामुळे एकेक हरभरा दाढेखाली सरकवायला तिला बराच वेळ लागतो. माडी हसली तशी तीही हसली.

हे उत्तर एव्हाना सासऱ्यांच्या कानावर गेलं असेल. आमचे धर्मगुरू, रब्बी बोनिसाक. लहानपणी मला अक्षरं त्यांनीच शिकवली, मोठेपणी मुलगीही दिली, आणि आता दोन्हीचा पस्तावा होतो असं चारचौघांत सांगतात. बार्सिलोनाकडून वारं आलंय – पंचवीस वर्षांखालच्या कुणी ग्रीकांची विद्या शिकली किंवा त्याला कुणी शिकवली, तर वाळीत टाकायचं. सासरे आमच्या पेर्पिन्यानमध्येही तसंच जाहीर करणार म्हणे. करू देत. प्रार्थनेच्या सभागृहात उभं राहून मी असं भाषण ठोकीन की म्हाताऱ्याला दाढी कुठे लपवू असं होईल. अर्धं तयारही आहे.

७ तम्मुज, सोमवार

दोल्सा विचारते, "बाबा, देवाला माझं नाव माहीत आहे का?" जिन्यातून सगळं ऐकलेलं दिसतं. म्हटलं, आधी जेव.

१० तम्मुज, गुरुवार

दोल्साला ताप. सकाळी अंथरुणातून उठेना. जीभ पांढरी, नाडी जलद. या दिवसांत गल्लीतल्या निम्म्या मुलांना येतो. नदीकाठचं साचलेलं पाणी आणि ही कोंदट हवा. जवाचं पाणी, बनफशाच्या फुलांचं सरबत. काळजीचं कारण नाही.

अस्त्रुगा दर थोड्या वेळाने विचारते, "काळजीचं नाही ना?" शेवटी मी खेकसलो.

१३ तम्मुज, रविवार

ताप उतरलेला नाही. वाढलाय.

सासरे आले. मला वाटलं बहिष्काराचं बोलायला आले. तोंडावर मी त्यांना अजून गुरुजीच म्हणतो, सवय जात नाही. आधी नातीपाशी बसले. तिचा पाय हातात घेऊन तळव्याला गुदगुल्या केल्या. एरवी किंचाळते, आज नुसतं बघत राहिली. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "मोमेत, नाव बदलूया."

मला माहीत होतं हे येणार. आमच्यात कुणी फार आजारी पडलं की हा उपाय ठरलेला. दहा माणसं जमवायची, धर्मग्रंथ उघडायचा, जे नाव पुढ्यात येईल ते आजाऱ्याला द्यायचं. म्हणजे वरून जो हुकूम निघालाय तो जुन्या नावावर, आणि त्या नावाचं माणूस तर आता घरात नाहीच!

मी म्हटलं, "गुरुजी, देवाचा दूत काय आमच्या गल्लीत येऊन दारोदार नावं विचारत फिरतो? आणि आम्ही म्हणालो की बाबा, दोल्सा इथे राहत नाही, की चुकलो म्हणतो आणि परत जातो?"

"हस. हस तू."

"मला हसू येत नाहीये. मी वैद्य आहे. तिच्या पित्ताला तिचं नाव ठाऊक नाही."

त्यावर ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण दिवसभर तेच डोक्यात फिरतंय. म्हणाले, "गेल्या शब्बाथला तू पोरांना सांगितलंस की देव माझ्या नातीला ओळखतच नाही. कळी म्हणे! मी म्हणतो, ओळखतो. चांगलं ओळखतो, म्हणून तर लपवायला बघतोय. आता मला सांग, आपल्या दोघांत वेडा कोण?"

ते गेल्यावर मला तीन उत्तरं सुचली. त्यातलं एकही त्यांच्या मागे धावत जाऊन सांगावं असं नव्हतं.

१५ तम्मुज, मंगळवार

कानिगूच्या डोंगरावरून खेचरावर बर्फ येतो, गवतात गुंडाळून. आज मागवला. कपड्यात बांधून कपाळावर ठेवला. तेवढा वेळ डोळे उघडले, आणि बर्फाचा एक तुकडा तोंडात मागितला. दिला. देऊ नये असं लिहिलेलं आहे. तरी दिला.

दुपारी बडबडत होती. मांजराशी.

माझ्याकडचे सगळे ग्रंथ काढून बसलो. अरबी, हिब्रू, सगळे. या तापाचं वर्णन प्रत्येकात आहे. सुंदर वर्णन आहे. पुढे काय करायचं तिथे प्रत्येकजण एकच लिहितो – प्रकृतीला तिचं काम करू द्यावं.

१६ तम्मुज, बुधवार

अस्त्रुगा भांडली नाही. भांडली असती तर मी उत्तरं दिली असती. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं बरोबरच असेल हो. तुमचं नेहमी बरोबर असतं. बाबांना उद्या सकाळी नाव बदला म्हणून सांगू का, एवढं बोला."

मी म्हटलं, "त्याने काही होणार नाही."

"होणार नाही ना? मग करायला काय हरकत आहे?"

तर्कशास्त्र या बाईला मी शिकवलेलं नाही. सांग म्हटलं.

१७ तम्मुज, गुरुवार

आज उपास. जेरुसलेमची तटबंदी फुटल्याचा दिवस. सगळे रिकाम्या पोटी, तोंडं वाळलेली. प्रार्थना संपल्यावर सभागृहात दहाजण थांबले. बोन्दियाही थांबला. खांबाला टेकून, हाताची घडी घालून. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

सासऱ्यांनी डोळे मिटून ग्रंथ उघडला आणि बोट ठेवलं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो. बोट आमच्या आदिमाता राहेलच्या नावावर पडलं होतं. वाटेतच बाळंतपणात गेली, रस्त्याकडेला पुरली, त्याच ओळीवर. मी वाचलं. त्यांनीही डोळे उघडून वाचलं.

आणि मग म्हातारा खोकला! खोकता खोकता दोन-चार पानं उलटली, आणखी दोन उलटली. बायका बाजारात खरबूज निवडतात तसं चाललं होतं. शेवटी एका ओळीवर बोट दाबून मोठ्याने म्हणाले, "सेराह!" आशेरची मुलगी सेराह. तिला मरण आलंच नाही, जिवंतपणी थेट स्वर्गात गेली, असं आमच्या बायका सांगतात.

माझ्याखेरीज कुणाला काही दिसलं नाही. आमची नजरानजर झाली. ते मान खाली घालून पुढची प्रार्थना म्हणू लागले – दोल्सा नावाच्या मुलीवर काही हुकूम निघाला असेल तर तो या सेराहला लागू नाही, ही ती नव्हे, ही दुसरी, आजच जन्मलेली. सगळे आमेन म्हणाले. मी पण म्हणालो. मोठ्याने म्हणालो, कारण हळू म्हटलं असतं तर अस्त्रुगाला जाळीपलीकडे बायकांत ऐकू गेलं नसतं.

बाहेर बोन्दियाने गाठलं. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

"घरी जा," म्हटलं, "आई वाट बघत असेल."

उद्यापासून घरात जुनं नाव काढायचं नाही. भिंतींनाही ऐकू जाता कामा नये, सासऱ्यांचे शब्द.

२० तम्मुज, रविवार

घाम फुटला! शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला कपाळ ओलं झालं, मग मान, मग सगळं अंग. काल सकाळी बदामाचं दूध प्यायली. आज अंजीर मागते. अंजीर अजून पिकलेली नाहीत हे तिला पटत नाही.

गल्लीभर एकच चर्चा. शेजारच्या मायरोनाकाकू तिचे तळवे कपाळाला लावून गेल्या. सासरे मधाच्या पोळ्या घेऊन आले. मला वाटलं आता टोमणा येणार. पोळी माझ्या हातात ठेवली आणि नाक पुसत पुसत आत गेले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

ताप उतरायचा दिवस तोच होता. आजारात असे ठरलेले दिवस असतात. नाव बदललं नसतं तरी तो उतरलाच असता. हे मी कुणाला सांगणार? आणि कशाला? ती अंजीर मागतेय, पुरे.

२२ तम्मुज, मंगळवार

नवीन भानगड. ती सेराह म्हटल्यावर ओ देत नाही.

अस्त्रुगा म्हणते, "सेराह, दूध पी." ती भिंतीकडे बघते. "सेराह, तुझ्याशी बोलतेय मी." तर म्हणते, "सेराहचं दूध सेराहला द्या."

मायरोनाकाकू हसत सुटल्या. अस्त्रुगा हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही समजावा तिला, तुमचं ऐकते."

समजवायचं काय? मी तिला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. जुनं नाव घ्यायचं नाही असं ठरलंय, आणि नवीन नाव जिभेवर येत नाही. 'अगं', 'इकडे ये', 'हे बघ' – एवढ्यावर भागवतोय. बापाने पोरीला असं चुकवत बोलावं, रस्त्यात सावकार दिसल्यासारखं.

२४ तम्मुज, गुरुवार

अस्त्रुगा नदीवर गेली होती. मी पोरीजवळ बसून भाषण लिहीत होतो. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "बाबा, दोल्साला कुठे नेलं?"

मी मान वर केली.

"आजोबांनी नेलं ना तिला? देवळात नेलं आणि सेराहला आणलं. आई आता सेराहलाच दूध देते." आणि मग अगदी बारीक आवाजात, "दोल्सा मेली का?"

हसत नव्हती. खेळत नव्हती. डोळे एवढे मोठे झालेले. अंगावरचं पांघरूण दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं, जणू तेही कुणी नेईल.

मी काय करायला हवं होतं? शब्द म्हणजे तोंडातून निघालेली हवा. हेच मी वर्षानुवर्षं शिकवतो. मी तिला उचललं, मांडीवर घेतलं, आणि कानात म्हटलं, "दोल्सा. दोल्सा, दोल्सा, दोल्सा. ही बघ, इथेच आहे माझी दोल्सा."

तशी खुदकन हसली. मग म्हणाली, "परत म्हणा." मी परत म्हटलं. म्हणत राहिलो, ती झोपेपर्यंत.

कुणी ऐकलं नाही.

२५ तम्मुज, शुक्रवार

पहाटे अंग पुन्हा तापलं. काल उघड्या खिडकीशी बसली होती. आणि पोळी जास्त खाल्ली. एवढंच कारण आहे. दुसरं काही नाही.

२८ तम्मुज, सोमवार

आधीच्यापेक्षा जोराचा आहे. पाणीसुद्धा ठरत नाही.

आज मायरोनाकाकू दारातून डोकावून म्हणाल्या, "कशी आहे आमची दोल्सा?" आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. खरंच धावून गेलो. "सेराह! या घरात सेराह आहे! दुसरं कुणी नाही! समजत नसेल तर पाऊल टाकू नका इथे!" शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. काकूंच्या हातातलं कढणाचं भांडं हिंदकळलं. त्यांनी मला लहानपणी अंघोळ घातलीय.

अस्त्रुगा आतून बघत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिला वाटलं असेल, नवऱ्याला शेवटी विश्वास वाटू लागला.

मला विश्वास नाही. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण इथे तरी खरं लिहावं. नावाने ताप येत नाही आणि नावाने जात नाही. मला हे माझ्या हाताच्या बोटांइतकं पक्कं माहीत आहे. आणि तरी दिवसभर कान टवकारून बसतो, कुणाच्या तोंडून ते नाव निसटतंय का ते बघत.

५ आव्ह, रविवार

काल जाहीर झालं. सासऱ्यांनी तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी छातीशी धरून वाचलं. पंचवीस वर्षं पुरी होईपर्यंत कुणी ग्रीकांची विद्या शिकू नये, कुणी शिकवू नये. जो मोडेल त्याच्याशी कुणी बोलणार नाही, जेवणार नाही, त्याच्या मयताला जाणार नाही. सगळं सभागृह माझ्याकडे वळून बघत होतं. भाषण मला तोंडपाठ होतं.

मी उठलो. तोंड उघडलं. पहिलं वाक्य होतं, 'बुद्धी ही देवाने माणसाला दिलेली खूण आहे, तिच्यावरूनच तो आपल्याला ओळखतो.' किती महिने घासून पुसून बसवलेलं वाक्य!

आणि मला ती दिसली, घरी, पांघरुणाखाली. तिच्याकडे ही खूण कुठे आहे? मग तिला कशावरून ओळखणार?

मी पुन्हा खाली बसलो. कुणीतरी हसलं. सासरे हसले नाहीत. त्यांचा आवाज शेवटच्या ओळींना कापरा झाला, पण लोकांना वाटलं म्हातारपणाने.

माडी बंद. पोरांनी आपापली बसायची फळकुटं संध्याकाळी गुपचूप नेली.

६ आव्ह, सोमवार

बोन्दिया आला. वर आला नाही, खालीच उभा राहिला. मला वाटलं भांडायला आलाय. मी तयार होतो, भ्याड म्हणाला असता तर हो म्हणालो असतो.

तो म्हणाला, "गुरुजी, तिला कसं आहे?"

"आहे तसंच."

बराच वेळ चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही ते म्हणाला होतात ना... कळ्यांचं. मी त्यावर विचार करतोय. त्यात चूक असणार. मला अजून सापडली नाही, पण असणार. मी शोधतो."

असा हा खवचट मुलगा. त्याला आता बंदी आहे शोधायला. आणि शोधणार कुणासाठी, तर माझ्यासाठी.

"शोध," म्हटलं. त्याच्यासमोर रडू नये म्हणून दार लावून घेतलं.

७ आव्ह, मंगळवार

सकाळी सासरे आले ते थेट माडीवर. इतक्या वर्षांत या माडीवर त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. रिकाम्या माडीकडे बघितलं, मग जमिनीवरच बसले, पोरं बसायची तिथे. मीही बसलो. दाढी विंचरलेली नव्हती. कधी असं होत नाही.

म्हणाले, "मोमेत, तू त्या दिवशी बघितलंस."

मी म्हटलं, "काय?"

"उगाच सोंग करू नकोस. पान उलटलं मी. राहेल आली होती. देवाने राहेल दिली आणि मी त्याच्या हातातून पान ओढून घेतलं. नाव मी निवडलं. म्हणून चाललं नाही ते. थोडे दिवस फसला, मग त्याच्या लक्षात आलं." दाढी मुठीत धरली होती. "लोकांना मी देवाला शरण जायला सांगतो. काल-परवा तोराची गुंडाळी छातीशी धरून तुझ्या पोरांना बंदी घातली. आणि मी स्वतः, मोमेत, स्वतः देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायला गेलो. माझ्यामुळे..."

किती वर्षं मी वाट बघत होतो की हा माणूस कधीतरी माझ्यासमोर असा बसेल! आता बसला, तर मला त्यांचा हात धरण्याखेरीज काही सुचलं नाही. मी म्हटलं, "गुरुजी, ऐका माझं. पान उलटल्याने ताप येत नाही. नावाने ताप चढत नाही, उतरत नाही. हा ताप नदीच्या हवेचा आहे. तो जातो आणि परत येतो, त्याची ती रीतच आहे. सगळ्या वैद्यांनी लिहून ठेवलंय. तुमचा काही दोष नाही."

"नक्की?"

"नक्की."

"तू हे मानतोस?"

"मानतो."

लहान मुलासारखे माझ्याकडे बघत होते. मग हळूहळू मान हलवली. माझं म्हणणं त्यांना पटलं! आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बुद्धीने काहीतरी पटवलं. डोळे पुसून खाली गेले, नातीजवळ बसले.

आणि मी वर एकटा. जे त्यांना पटलं ते मला पटेना. त्यांनी एक पान उलटलं. मी तर तिला मांडीवर घेऊन, खिडकी उघडी टाकून, पुन्हा पुन्हा नाव घेतलं. तेवढं त्यांना सांगता आलं असतं. म्हातारा म्हणाला असता, 'अरे, शब्दाने ताप येत नाही, तूच म्हणालास ना?' कुणाच्या तरी तोंडून मला ते ऐकायचं होतं. तरी सांगितलं नाही.

८ आव्ह, बुधवार

अस्त्रुगा तिला ओल्या फडक्याने पुसत होती. मी पाणी घेऊन येत होतो. पडद्याआडून ऐकू आलं. अस्त्रुगा गुणगुणत होती, तान्ही असताना म्हणायची तेच अंगाईगीत. त्यात मध्ये मध्ये बाळाचं नाव घालायचं असतं. तिने दोल्सा घातलं. प्रत्येक वेळी दोल्साच घातलं. सहज, सवयीने. आज पहिल्यांदा नाही, हे त्या सुरावरूनच कळत होतं. आजारभर असंच म्हणत असणार, मी नसताना.

म्हणजे हीसुद्धा.

काकूंच्या अंगावर धावून गेलो तसा हिच्यावर जाणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती म्हणतेय आणि पोरगी डोळे मिटून ऐकतेय. ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसूही. मी भांडं धरून पडद्याबाहेर उभा राहिलो. गाणं संपेपर्यंत.

मग आत गेलो. अस्त्रुगाने घाईने फडकं पिळायला घेतलं. मी म्हटलं, "पाणी आणलंय."

उद्या मोठा उपास. जेरुसलेमचं मंदिर जळाल्याचा. आजाऱ्यांना उपास माफ, म्हणून तिच्यासाठी जव भिजत घातलेत.

१९ आव्ह, रविवार

सुतकाचे दिवस संपले. पाथरवट आला होता. दगडावर कुठलं नाव कोरू, म्हणून विचारलं.

गुरुजी म्हणाले, सेराह, तेच शेवटचं. अस्त्रुगा म्हणाली, दोल्सा. मग दोघं माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, दोन्ही घाल. खाली तिच्या आईचं घाल, माझं घाल. आमची गल्लीही घाल, विहिरीशेजारचं दुसरं घर. आणि पुढचे दोन दात नाहीत, तेही लिही.

पाथरवट म्हणाला, "अहो, एवढं कोण वाचणार?"

म्हटलं, तू कोर.